बी.ए., बी.एस्सी. ऑनर्स: चार वर्षांच्या क्रेडिटचा हिशेब कसा लावायचा

बारावीनंतर कॉलेजच्या प्रवेशाच्या फॉर्मवर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी अक्षरांची माळ दिसते. प्रत्येकासमोर एक रिकामा चौकोन. खिडकीवर विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "आत्ता काहीतरी टाका, पुढे बदलता येईल." काही गोष्टी बदलता येतात, काही येत नाहीत. कुठल्या बदलता येत नाहीत ते प्रवेशाच्या वेळीच कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

मी २०२३ साली एका स्वायत्त कॉलेजात बी.ए.ला प्रवेश घेतला. महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण आधी स्वायत्त कॉलेजांत आलं आणि २०२४-२५ पासून विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत. आम्हाला विचारायला सिनिअर होते, पण ते सगळे जुन्या पॅटर्नचे. 'स्पेशलला कुठला विषय घेणार?' एवढंच ते विचारायचे. माझं मेजर, म्हणजे मुख्य विषय, अर्थशास्त्र; मायनर, म्हणजे जोडीचा विषय, भूगोल. त्यामुळे उदाहरणं त्यातली असतील, पण सांगाडा बी.एस्सी. आणि बी.कॉम.लाही साधारण हाच आहे.

चौथं वर्ष करायचं की नाही, हा प्रश्न टी.वाय.ला, म्हणजे तिसऱ्या वर्षी येतो. त्याचं अर्धं उत्तर मात्र एफ.वाय.च्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या फॉर्मवरच लिहून झालेलं असतं, हे आधीच सांगून ठेवते.

१. आपण कुठल्या ऑनर्सबद्दल बोलतोय ते पक्कं करा

'ऑनर्स' हा शब्द तीन-चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स पूर्वी तीन वर्षांचं होतं. तिथे २०१३ मध्ये चार वर्षांचा प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षी गुंडाळला गेला. आताचा चार वर्षांचा आराखडा तिथे २०२२ पासून आहे. इंजिनिअरिंगमध्ये चार वर्षांच्या बी.टेक.वर साधारण १८ ते २० जादा क्रेडिट केले की पदवीपुढे ऑनर्स लागतं. तो प्रकार पूर्ण वेगळा. घरातले काका-मामा 'आमच्या वेळी ऑनर्स म्हणजे...' सुरू झाले की ते बहुधा आणखी तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत असतात.

आपण बोलतोय ते राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या ऑनर्सबद्दल. तीन वर्षं पूर्ण केली की साधी पदवी, चार केली की ऑनर्स पदवी. चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेतली तर 'ऑनर्स विथ रिसर्च'. प्रवेश घेताना चारही वर्षं करण्याचं बंधन नसतं. तिसऱ्या वर्षाअखेर बी.ए. घेऊन बाहेर पडलात तर ती पूर्ण पदवी आहे, अर्धवट शिक्षण नाही. हे आजीला आणि शेजाऱ्यांना समजावून सांगावं लागतं, तयारी ठेवा.

२. क्रेडिट म्हणजे तास, एवढं डोक्यात ठेवा

एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास लेक्चर. प्रॅक्टिकल किंवा फील्डवर्क असेल तर एका क्रेडिटला ३० तास. म्हणून दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल हे दोन क्रेडिटच्या थिअरीपेक्षा दुप्पट वेळ खातं. वेळापत्रक बघताना क्रेडिट मोजू नका, तास मोजा. विशेषतः लोकल किंवा एस.टी.ने ये-जा करत असाल तर.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांना किमान १२० आणि चार वर्षांना किमान १६० क्रेडिट आहेत. महाराष्ट्रात एका सेमिस्टरला २० ते २२ धरतात. त्यामुळे पूर्ण भरलं तर तीन वर्षांचे १३२ आणि चार वर्षांचे १७६ होतात. तुमच्या कॉलेजचा आकडा यांच्या मधला कुठलाही असू शकतो. फॉर्म भरण्याआधी वेबसाईटवरून तुमच्या शाखेचं 'क्रेडिट स्ट्रक्चर' उतरवून घ्या आणि त्याची प्रिंट काढा. माझी प्रिंट तीन वर्षं वहीत होती, कडा फाटून गेल्या, पण विभागप्रमुखांशी बोलताना दर वेळी तीच कामाला आली.

३. पहिलं सेमिस्टर: छोटे पेपर मोठं काम करतात

एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातल्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सेमिस्टरचे २२ क्रेडिट असे पडतात: मेजरचे ६ आणि ओपन इलेक्टिव्हचे ४. बाकी व्यावसायिक कौशल्य (व्हीएससी), कौशल्यवृद्धी (एसईसी), भाषा (एईसी), मूल्यशिक्षण (व्हीईसी), भारतीय ज्ञानप्रणाली (आयकेएस) आणि सहशैक्षणिक उपक्रम (सीसी) यांचे प्रत्येकी २. बेरीज करून बघा. तुमच्या मुख्य विषयाला २२ पैकी सहाच क्रेडिट आहेत. उरलेले सोळा क्रेडिट म्हणजे ज्यांना सगळे 'टाईमपास' म्हणतात ते पेपर.

आणि सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून गुणांची सरासरी, या सगळ्या पेपरांवरून निघते. आमच्या वर्गातली हुशार मुलं मेजरला उत्तम मार्क आणत आणि सीसीच्या दोन क्रेडिटला, म्हणजे एन.एस.एस., खेळ, योगा वगैरेला, डायरी वेळेत न दिल्यामुळे काठावर पास होत. संशोधनाच्या वाटेला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. तिथे ही दोन-दोन क्रेडिटची डायरी आडवी येते. एन.एस.एस. घेतलंत तर कॅम्पची हजेरी, एन.सी.सी. घेतलंत तर परेड, जे घ्याल ते पूर्ण करा.

ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ओई, मेजरच्या विद्याशाखेबाहेरचं घ्यायचं असतं. बी.ए. अर्थशास्त्रवाल्यानं राज्यशास्त्र टाकलं तर ते चालत नाही. वाणिज्य किंवा विज्ञान शाखेतलं काहीतरी घ्यावं लागतं. यादीत वीस पर्याय दिसतात, पण प्रत्यक्षात चार-पाचच चालतात, कारण पुरेशी मुलं जमली नाहीत की तो पेपर रद्द होतो. पहिल्या दिवशी फॉर्म भरणाऱ्याला पसंतीचं मिळतं, शेवटच्या दिवशीच्याला उरलेलं.

काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने घेतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, दुसरा मायनर आणि तिसरा सुटतो. काही ठिकाणी मेजर पहिल्याच दिवशी ठरतो. तुमच्याकडे यातलं काय आहे ते विचारल्याशिवाय सही करू नका. पहिली पद्धत असेल तर तिन्ही विषय असे निवडा की त्यातला कुठलाही एक मेजर म्हणून चालेल.

४. मेजर-मायनरची जोडी

सगळ्यात जास्त विचार इथे करा. मेजर दर वर्षी वाढत जातो: तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला ८-८ क्रेडिट, पाचव्या-सहाव्याला अनिवार्य १० आणि वर निवडीचे ४. मायनर दुसऱ्या सेमिस्टरला २ क्रेडिटने सुरू होतो आणि पुढे प्रत्येक सेमिस्टरला ४. तीन वर्षांत मायनरचे १८ होतात. अठरा क्रेडिट म्हणजे पावणेतीनशे तास. एवढा वेळ एखाद्या विषयाला द्यायचा तर तो उपयोगी नको का?

मायनर निवडताना मैत्रिणीकडे बघू नका, चौथ्या वर्षाकडे बघा. अर्थशास्त्राला संख्याशास्त्र किंवा गणित जोडलं तर संशोधनात डेटा हाताळताना अडत नाही. इतिहासाला मोडी लिपीचा कौशल्य-पेपर मिळत असेल तर सोडू नका, अभिलेखागारात बसायचं झालं तर तोच उपयोगी पडतो. मराठी साहित्याबरोबर समाजशास्त्र चांगलं जमतं. माझं अर्थशास्त्र-भूगोल असं आहे, आणि नकाशा वाचता येणं हे शेतीच्या अर्थशास्त्रात किती कामाचं आहे ते मला तिसऱ्या सेमिस्टरच्या फील्ड प्रोजेक्टला कळलं.

तो प्रोजेक्ट दोन क्रेडिटचा. आम्ही आठवडे बाजारातल्या भाजीविक्रेत्यांची पाहणी केली. प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न होता, 'मासिक उत्पन्न किती?' मेथीच्या जुड्या लावत बसलेल्या मावशी म्हणाल्या, "महिन्याचं कोण मोजतं? आजचं विचार. आज सकाळी किती घातले आणि आता किती उरले ते सांगते." सरांनी त्याच रात्री आमच्याकडून प्रश्नावली बदलून घेतली: आजचा माल, आजचा भाव, गाडीभाडं, बाजाराची पावती, उरलेल्या मालाचं काय करता. पुढच्या आठवड्याला माहिती धडाधड मिळाली. चौथ्या वर्षाच्या प्रबंधाचा विषय बऱ्याच मुलांना अशाच एखाद्या प्रोजेक्टमधून सापडतो. फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचा प्रोजेक्ट उरकून टाकू नका. कच्च्या नोंदी, फोटो, भरलेल्या प्रश्नावल्या जपून ठेवा. अहवाल जमा झाला की बहुतेक जण त्या रद्दीत घालतात.

५. इंटर्नशिप

सहाव्या सेमिस्टरला ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग असतं. किमान १२० तास धरून चला. पतसंस्था, सीएचं ऑफिस, स्थानिक वर्तमानपत्र, ग्रामपंचायत, प्रयोगशाळा, स्वयंसेवी संस्था, कुठेही चालतं, पण कॉलेजची परवानगी आधी हवी. लागणारे कागद: कॉलेजचं शिफारसपत्र, संस्थेचं स्वीकृतिपत्र, रोजच्या सह्यांची लॉगबुक, शेवटी प्रमाणपत्र आणि अहवाल.

मामाच्या दुकानाच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र आणणारे प्रत्येक वर्गात असतात. तोंडी परीक्षेत "तिथे जीएसटीचं रिटर्न कोण भरत होतं?" एवढा एक प्रश्न पुरतो. मामाच्याच दुकानात जायचं असेल तर खरंच जा, त्यात काही कमीपणा नाही. सुट्टीतच बोलून ठेवा, कारण सहाव्या सेमिस्टरला सगळ्या वर्गाला एकदम जागा हव्या असतात.

६. अपार आयडी आणि क्रेडिट बँक

तुमचे क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीमध्ये जमा होतात. त्यासाठी अपार आयडी हा १२ अंकी आयडी लागतो. तो डिजिलॉकरवरून निघतो. काम पाच मिनिटांचं, पण नावात अडकतं. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. त्यात कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. आधार दुरुस्त करायचं असेल तर बारावीनंतरच्या सुट्टीत करा. सेमिस्टर सुरू झाल्यावर आधार केंद्राच्या रांगेत लेक्चर बुडतात.

दर निकालानंतर लॉगिन करून त्या सेमिस्टरचे क्रेडिट चढलेत का ते बघा. ते तुम्ही भरायचे नसतात, संस्थेकडून येतात. चढले नसतील तर परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून काही होत नाही.

'स्वयम' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स करून क्रेडिट मिळवता येतात. एका सेमिस्टरच्या कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत असे ऑनलाइन चालू शकतात, असा आयोगाचा नियम आहे. कोर्स फुकट असतो, परीक्षेची फी वेगळी. नोंदणी करण्याआधी 'हा कोर्स अमुक पेपरच्या बदल्यात धरला जाईल' असं विभागप्रमुखांकडून लिहून घ्या. नाहीतर प्रमाणपत्र मिळतं, क्रेडिट मिळत नाहीत.

७. मध्येच थांबावं लागलं तर

घरची अडचण, आजारपण, नोकरी, काहीही होऊ शकतं. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, पण दोन्ही वेळा उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा जादा कौशल्य-कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. तो न करता नुसतं येणं बंद केलंत तर हातात मार्कशीटशिवाय काही राहत नाही. परत यायचं असेल तर तीन वर्षांच्या आत, आणि पूर्ण पदवी एकूण सात वर्षांत, अशी मुदत आयोगाच्या आराखड्यात आहे.

८. टी.वाय.ला: थांबायचं की पुढे जायचं

माझं स्पष्ट मत सांगते. एमपीएससी, यूपीएससी, बँकेच्या परीक्षा द्यायच्या असतील तर तीन वर्षांची पदवी पुरते. तिथे पदवी विचारतात, ऑनर्स नाही. अशा मुलांनी 'सगळे करताहेत' म्हणून चौथं वर्ष करू नये. एम.ए.ला विषय बदलायचा असेल तरीही तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांचं एम.ए. करणं सोपं.

चौथं वर्ष कोणी करावं? ज्यांना त्याच विषयात पुढे जायचंय त्यांनी. ऑनर्सनंतर एम.ए. किंवा एम.एस्सी. एका वर्षाचं होतं. म्हणजे ३ अधिक २ काय किंवा ४ अधिक १ काय, वर्षं पाचच. फरक पडतो तो पीएच.डी.साठी. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एम.ए. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र होता येतं. राखीव प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत आहे. २०२४ पासून अशा मुलांना नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षाही देता येते. परदेशात मास्टर्स करायचं असेल तर अमेरिकेतली बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. तिथेही हे वर्ष उपयोगी पडतं.

ठरवण्याआधी कॉलेजला पुढचे प्रश्न विचारा, आणि उत्तरं पाचव्या सेमिस्टरमध्येच घ्या:

तुमच्या विषयाचं चौथं वर्ष याच कॉलेजात आहे का? तीन वर्षं एका ठिकाणी झाली म्हणजे चौथ्याचा वर्ग तिथेच भरेल असं नाही.

संशोधनाची वाट आहे की फक्त साधं ऑनर्स? किती जागा? गाईड किती, आणि त्यांच्याकडे आधीच किती विद्यार्थी आहेत?

सीजीपीएचे टक्के कुठल्या सूत्राने काढणार? दर विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं, आणि ७४ की ७५ हे त्या सूत्रावर ठरतं.

फी किती, आणि तुम्हाला मिळणारी शिष्यवृत्ती चौथ्या वर्षाला चालू राहते का? हे शिष्यवृत्तीच्या खिडकीवरच विचारा, सरांना याची माहिती नसते.

९. चौथ्या वर्षाच्या दोन वाटा

दोन्ही सेमिस्टरला २२-२२, एकूण ४४ क्रेडिट. साध्या ऑनर्समध्ये दर सेमिस्टरला मेजरचे अनिवार्य १४ आणि निवडीचे ४. त्यावर सातव्याला संशोधन पद्धतीचे ४ आणि आठव्याला पुन्हा ऑन जॉब ट्रेनिंगचे ४. रिसर्चवाल्यांना अनिवार्य पेपर कमी, दर सेमिस्टरला १०. निवडीचे ४ तसेच, संशोधन पद्धतीही तशीच. पण प्रबंधाचे सातव्याला ४ आणि आठव्याला ८, मिळून १२ क्रेडिट.

हे बारा क्रेडिट कागदावर हलके दिसतात. वर्गात बसायचं नसतं, वेळापत्रकात मोकळे तास दिसतात आणि दिवाळीपर्यंत वाटतं की बराच वेळ आहे. तर क्रम असा ठेवा: सहावं सेमिस्टर संपल्यावर सुट्टीत दोन विषय पक्के करा, एक आवडीचा आणि एक पर्यायी. दोन्हींवर एक-एक पान लिहा: प्रश्न काय, माहिती कुठून आणणार, खर्च किती. मग गाईडकडे जा. 'सर, तुम्हीच काहीतरी विषय द्या' म्हणणाऱ्याला सर स्वतःच्या प्रकल्पातलं काम देतात. ते वाईट नसतं, पण तुमचं नसतं.

विषय लहान ठेवा. 'महाराष्ट्रातील शेतीच्या समस्या' हा आठ महिन्यांत होणारा विषय नाही. एका तालुक्यातल्या एका बाजारातला एका हंगामाचा कांद्याचा भाव, हा होतो. सरकारी आकडेवारी लागणार असेल तर ती मिळते का हे विषय मंजूर होण्याआधी तपासा. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरा. मराठीत लिहायचं असेल तर युनिकोडमध्येच टाईप करा. जुन्या फॉन्टमधलं लेखन साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला नीट वाचता येत नाही आणि ऐनवेळी सगळं पुन्हा टाईप करावं लागतं.

१०. कागदपत्रं

प्रवेशाच्या वेळी: दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अपार आयडी, फोटो. राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेयर. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधारशी जोडलेलं बँक खातं. सीबीएसई किंवा दुसऱ्या बोर्डातून आला असाल तर मायग्रेशन. शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रत कॉलेज ठेवून घेतं, त्याआधी रंगीत स्कॅन करून चार-पाच झेरॉक्स काढा.

चौथ्या वर्षासाठी: सहाही सेमिस्टरच्या मार्कशीट, एबीसीवरच्या क्रेडिटची प्रिंट, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, रिसर्चला जाणार असाल तर विषयाचं ते एक पान आणि गाईडची संमती. कॉलेज बदलणार असाल तर बदलीचा दाखला, आणि विद्यापीठच बदलत असेल तर मायग्रेशनही. हे दोन्ही निकालाची वाट न बघता मागायला लागा. सहाव्या सेमिस्टरच्या निकालानंतर अर्जाची मुदत थोडीच असते आणि त्याच आठवड्यात ऑफिसच्या खिडकीवर एफ.वाय.च्या प्रवेशाचीही गर्दी असते. सकाळी खिडकी उघडायच्या आधी पोहोचा, आणि अर्जाच्या दोन प्रती न्या: एक द्यायला, एक पोच घ्यायला.